वाफसा आणि बोलावणं

आमच्या माणदेशात जून महिना माणसाला दोन अंगांनी ओढतो. सात जूनच्या आसपास मृग निघतो आणि माणूस आभाळाकडं बघायला लागतो. त्याच सुमाराला ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची आणि अष्टमीला आळंदीहून माउलींची पालखी निघते. पेरणी आणि वारी ही दोन्ही कामं देवानं एकाच टायमाला का ठेवली असतील, असा विचार आमच्याकडच्या प्रत्येक वारकऱ्यानं कधी ना कधी केलेला असतो. अधिक महिना आला तर थोडी सवड मिळते. २०१५ साली अधिक आषाढ होता, तेव्हा एकादशी २७ जुलैला पडली. पण २०१२ साली ती ३० जूनलाच होती. म्हणजे मृग निघायला आणि पालखी हलायला एकच गाठ.

शहरातल्या वाचकाला वाफसा म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. पाऊस पडून गेल्यावर रान लगेच पेरता येत नाही. चिखल असतो, पाभर चालत नाही. मग एकदोन दिवस ऊन लागलं की माती अशी होते की मुठीत धरली तर गोळा होतो आणि सोडली तर फुटतो. हाताला चिकटत नाही, पण आत ओल असते. हा वाफसा. तो दोन दिवस टिकतो, कधी चार दिवस. आमच्या हलक्या रानात तर दोनच. एकरी दीड किलो बाजरी पेरायला लागते, बियाणं काही फार नाही. पण ते दीड किलो त्याच दोन दिवसांत मातीत गेलं पाहिजे. गेलं नाही तर वर्षाची भाकरी गेली.

म्हणून मी आधीच सांगून ठेवतो, की शेतकऱ्याची सबब खोटी नसते. कीर्तनात बुवा लोक सबबी सांगणाऱ्याची थट्टा करतात, मंडपात हशा पिकतो. हसणाऱ्यातली निम्मी माणसं मनातल्या मनात आपल्या रानाचा हिशोब करत असतात. मीही केलेला आहे. त्या हिशोबाचं पुढं काय करायचं, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

मी १९७६ साली दहावी झालो आणि त्याच वर्षी औताला लागलो. वारी घरात होती. वडील जात, चुलते जात. मी मात्र बरीच वर्षं अर्धी वारी करायचो. पालखी फलटणला आली की एसटीनं जाऊन गाठायची आणि तिथून पुढं बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर असं करत पंढरपूरपर्यंत चालायचं. आठेक दिवसांत काम होतं. टाळ घ्यायचा, रांगेत उभं राहायचं, पुढचा म्हणेल ते म्हणायचं. रांगेतल्या माणसाला कोण विचारत नाही. त्यात मोठं सुख असतं.

आमच्या गावची दिंडी लहान. चाळीस-पंचेचाळीस माणसं, एक ट्रक, चार राहुट्या. विणेकरी एक म्हातारे बुवा होते. ज्यांना वारीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा असतात, मधे मृदंगी, बायकांच्या डोक्यावर तुळशी, पुढं पताका. आणि मागच्या बाजूला, दोन रांगांच्या मधे विणेकरी. भजन तो सुरू करतो. कोणत्या वेळेला कोणते अभंग, सोमवारचे कुठले, गुरुवारचे कुठले, पंचपदी कधी, हरिपाठ कधी, हे सगळं त्याच्या तोंडात असावं लागतं. तो थांबला की दिंडी थांबते. ज्या दिंडीला विणेकरी नाही ती दुसऱ्या मोठ्या दिंडीत जाऊन मिसळते आणि दोन-तीन वर्षांत त्या गावचं नाव वाटेवरून पुसलं जातं. आमच्या शेजारच्या एका गावाचं तसं झालं आहे.

२०११ ची कार्तिकी झाली आणि बुवा एक दिवस चालत माझ्या रानात आले. मी ज्वारी कोळपत होतो. औत थांबवलं.

"काय बुवा, एवढ्या लांब चालत?"

"चालायचं काय न्हाई रं. उभं ऱ्हायाचं हुईना आता. आषाढीला वीणा तू घे."

मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही. मग कळलं तसं बैलाच्या पाठीवर हात ठेवून मी म्हणालो, "बुवा, माझा आवाज असला. पाठांतर न्हाई. दहावी शिकलेला माणूस मी."

"मी चौथी हाय," बुवा म्हणाले. "आन् हे बघ, लगीच हो म्हणू नगंस. येळ घे. पर 'बघू' म्हणू नगंस. येक तर हो म्हण, न्हाईतर न्हाई म्हण. न्हाई म्हनलास तर मी दुसरा बघीन, राग धरायचा न्हाई."

एवढं सांगून ते पाणी पिऊन गेले.

"बघू" हा आमच्या भाषेतला फार सोयीचा शब्द आहे. पोरगी बघायला गेलेले लोक "बघू" म्हणतात, उसने पैसे मागितले की "बघू", सोसायटीच्या मीटिंगला यायचं का, "बघू". होही नाही आणि नाहीही नाही. मेंढरं जशी झाडाच्या सावलीला थांबतात तसा माणूस या शब्दाखाली थांबतो आणि ऊन उतरलं तरी उठत नाही. बुवांनी नेमका तोच शब्द काढून घेतला होता. आता मला खरोखर विचार करणं भाग होतं.

त्या रात्री बियाण्याच्या पिशवीचा कागद घेतला आणि त्याच्या मागं मी न जाण्याची कारणं लिहिली. माझी लिहायची सवय त्यातलीच. एक, पेरणी. दोन, जनावरं. दोन बैल आणि एक म्हैस. तीन, आई. तिचं वय झालेलं, गुडघे गेलेले, रोजच्या गोळ्या. चार, पैसे. दिंडीची भिशी, वाटखर्च, वर सोसायटीचं कर्ज. पाच, माझाच उजवा गुडघा. सहा, आवाज आणि पाठांतर. मग सात हा आकडा लिहिला आणि पुढं काहीच लिहिता येईना. काहीतरी होतं हे नक्की, पण शब्दात येत नव्हतं. सात पुढं मोकळंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कागद पुन्हा वाचला. खळ्यावर आपण काय करतो? वाऱ्यावर उफणतो. दाणा सरळ खाली पडतो, भूस लांब जातं. आधी सगळं एकातच असतं, सुपात बघून काही कळत नाही. वारं लागलं की कळतं. माझी सहा कारणं दाणाच होती. त्यातलं एकही भूस नव्हतं. पण दाणा घरात न्यायचा असतो, त्याची काहीतरी सोय लावायची असते. ही सहा कारणं म्हणजे सहा कामं होती. आणि कामाला शेतकरी भीत नाही.

पेरणीसाठी मी बांधशेजाऱ्याकडं गेलो. हा गडी माळकरी नाही. खंडोबाचा भक्त, मटण खाणारा, आमच्या भजनाला कधी फिरकत नाही. त्याला म्हणालो, पैरा करू. तू माझी पेरणी कर, मी तुझी ज्वारी काढायला माणसं घेऊन येतो आणि वर चार दिवस बैल देतो. तो म्हणाला, "मला तुज्या इठोबाचं काय न्हाई गड्या. पर रान पडीक ऱ्हायलेलं बघवत न्हाई. तू चाल, पाभर मी धरतो." देवाच्या कामात मला पहिली मदत झाली ती अशी, त्या देवाशी देणंघेणं नसलेल्या माणसाची.

पैशासाठी एक शेळी आणि तिची दोन पिल्लं विकली. गुडघ्यासाठी डॉक्टरकडं गेलो. त्यांनी पट्टा दिला, व्यायाम दिला आणि चालून बंद पडणार नाही म्हणून सांगितलं. पाठांतरासाठी बुवांची वही आणली. आमच्याकडं विहिरीच्या मोटरीला लाईट रात्री असते. रात्री एक-दोन वाजता पाणी धरायला जावं लागतं. एक सारा भरायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक अभंग होतो. माघापासून वैशाखापर्यंत मी बॅटरीच्या उजेडात वहीतलं पाठ केलं. कोल्हे आणि टिटव्या एवढेच श्रोते. आवाज काही सुधारला नाही, पण शब्द पक्के झाले.

आई आणि जनावरं या दोन कारणांची सोय मात्र माझ्या हातात नव्हती. ती घरच्या माणसाच्या हातात होती. हिला विचारलं तेव्हा ही भाकरी थापत होती. म्हणाली, "अवो, तुमी जावा. आत्यांचं आन् जनावरांचं मी बघते. पर माझंबी ऐका. लगीन हून आल्यापासनं मला आळंदीपासनं चालायचंय. मला कुणी बोलावलं न्हाई म्हणून मला हाक न्हाई, असं समजू नगा."

भाकरी तव्यावर टाकून तिनं विषय संपवला. मी मात्र बराच वेळ तिथंच बसलो. पुरुषाच्या वारीमागं घरात एक बाई थांबलेली असते. तिची कारणं कागदावर लिहिली जात नाहीत, कारण ती कारणं म्हणजे आपणच असतो. मी थोरल्या बहिणीला निरोप धाडला. ती म्हणाली यंदा जमणार नाही, पण पुढं वीस दिवस मी आईजवळ येऊन राहीन. २०१४ साली ती आली, आणि त्या वर्षी ही पहिल्यांदा आळंदीपासून डोक्यावर तुळस घेऊन चालली. दिवे घाटात मी मागं वीणा घेऊन आणि ही पुढं बायकांच्या रांगेत. एकमेकांकडं बघायलाही सवड नव्हती, पण ती चालते आहे हे मला ठाऊक होतं.

तर सहा कारणं अशी मार्गी लागली. राहिला सातवा मोकळा आकडा.

तो काय आहे हे मला माघात कळलं. गावच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, माणसं पाळीपाळीनं पहारा देतात, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. माझी पाळी पहाटेची होती. वीणा गळ्यात होती आणि एक म्हातारी देवळात आली. विठोबाला हात जोडले आणि वळून तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या आईच्या वयाची बाई. माझं अंग आक्रसलं. आजवर पहारे कितीतरी दिले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आता हे रोजचं होणार. विणेकऱ्याच्या पायाला सगळे हात लावतात, लहान-थोर, गरीब-श्रीमंत. आणि ज्या चुलतभावाशी माझं बांधावरून पाच वर्षं बोलणं बंद होतं, तो आमच्याच दिंडीत टाळकरी. तोही वाकणार. मी कोण लागून गेलो? उद्या बाजारात, चावडीवर, रागाच्या भरात तोंडातून एखादा शब्द गेला तर लोक म्हणतील, हा बघा विणेकरी. रांगेतल्या माणसाला जे सुख असतं ते जाणार होतं. सातवं कारण हे होतं. याची सोय कुठल्या शेजाऱ्याकडं मागायची?

बुवांकडंच गेलो. ते ओट्यावर वाती वळत बसले होते. सगळं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, "वीणा घरात कुठं असती?"

"खुंटीला."

"वीण्याला हात लावून लोक पाया पडत्यात तवा खुंटीला काय वाटत आसंल?"

मी काही बोललो नाही.

"तू खुंटी हाईस. पाया पडत्यात ते वीण्याच्या. खुंटीनं येकच बघायचं, भितीत घट ऱ्हायाचं. मान माजा हाय म्हनली तरी ती पडती, आन् मला मान सोसत न्हाई म्हनली तरी पडती. दोन्हीकडनं ध्यान सोताकडंच."

मग थोडं थांबून म्हणाले, "आन् भ्या ते ऱ्हातंय. माजं चाळीस वरसं ऱ्हायलं. दर साली आळंदीत पयला अभंग म्हनायच्या आदी पोटात कालवतंय. कालवलं न्हाई तर समजावं, आता वीणा दुसऱ्याला द्यायची येळ आली."

हे ऐकून मला फार हलकं वाटलं. मी समजत होतो की भीती गेल्यावर हो म्हणायचं असतं. बुवा सांगत होते की भीती बरोबर घेऊन चालायचं असतं, वळकटीसारखी. मी तिथंच हो म्हणालो.

२०१२ च्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आळंदीला पोचलो. इंद्रायणीच्या काठाला माणूस मावत नव्हता. बुवा आमच्याबरोबर ट्रकनं आले होते. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि सगळ्यात आधी तेच वाकले. मग रांगेनं सगळे. चुलतभाऊही. त्यानं हात लावला, मी हात लावला, दोघंही काही बोललो नाही. बांध आजही तिथंच आहे, त्याचा निकाल लागलेला नाही. पण त्या दिवसापासून आमचं बोलणं सुरू झालं, आधी नुसतं "रामकृष्णहरी" एवढंच, मग पावसापाण्याचं.

मी पहिलं चरण म्हटलं तेव्हा आवाज जेमतेम दोन हात पुढं गेला असेल. पण तेवढा पुरला. पुढच्या दोन टाळकऱ्यांनी ऐकला आणि उचलला, त्यांच्याकडून पुढच्यांनी, आणि बघता बघता चाळीस गळ्यांतून तोच चरण माझ्याकडं परत आला, तोही माझ्यापेक्षा चांगल्या आवाजात. मला कळलं की विणेकऱ्याचा आवाज मोठा लागत नाही. सुरुवात करणारा लागतो. बाकीचं काम चाळीसजण करतात. सहा नंबरच्या कारणाची सोय माझ्या समोर दोन रांगांत उभी होती.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यात लांबचा, तोही एकादशीचा, उपवासाचा. दिवे घाट चढताना गुडघ्यानं त्रास दिला. पट्टा आवळला आणि चढलो. जेजुरी, वाल्हे झालं. नीरेला माउलींच्या पादुकांना स्नान झालं, पालखी सातारा जिल्ह्यात आली. लोणंद झालं, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण झालं. पाऊस मात्र कुठंच नव्हता. २०१२ चं साल माणदेशातल्या माणसाला सांगायला नको. पुढं चारा छावण्या उघडाव्या लागल्या, त्या दुष्काळाची ती सुरुवात होती. पेरणीची सबब आभाळानंच काढून घेतली होती, पण तिच्या जागी वैरणीची आली.

फलटणच्या मुक्कामात घरी फोन लावला. ही म्हणाली, कडब्याच्या शंभरेक पेंढ्या राहिल्यात, विहीर तळाला गेली. फलटणहून आमचं गाव एसटीनं दीड तासावर. इतकी वर्षं मी इथूनच वारीला लागत होतो, आता इथूनच परत फिरावं असं वाटायला लागलं. वीणा कुणाच्या तरी गळ्यात देऊन रात्रीत घरी जाता आलं असतं. मी शेजाऱ्याला फोन केला. म्हणालो, येऊ का?

तो म्हणाला, "तू येऊन पाऊस पाडणार हाईस का?"

"न्हाई."

"मग चाल. वैरणीचं मी बघतो. पाऊस पडला तर फोन करीन, न पडला तर काय सांगू?"

मी चाललो. हा काही चमत्कार म्हणून सांगत नाही. पंढरपुरात पोचलो तेव्हाही पाऊस नव्हता, घरी आलो तेव्हाही नव्हता. त्या हंगामात आमच्या शिवारात बाजरीचा दाणा झाला नाही, वारीला गेलेल्यांच्या रानात नाही आणि न गेलेल्यांच्याही नाही. देवाचं ऐकलं म्हणून देव रानात पाणी देतो, असा व्यवहार मी मानत नाही. तसा असता तर आमचा माण तालुका आजवर हिरवागार व्हायला पाहिजे होता.

इथं कोणी म्हणेल, सावता माळी कुठं पंढरीला गेले होते? आमच्याकडं हे वाक्य फार चालतं. माढा तालुक्यातल्या अरणचे सावतोबा, १२९५ साली त्यांनी समाधी घेतली. मळ्यातच त्यांना विठ्ठल भेटला असं सांगतात. आजही सावतोबांची पालखी पंढरीला जात नाही, पांडुरंगच त्यांना भेटायला अरणला येतो अशी परंपरा आहे. आणि पुंडलिकानं तर आईबापाची सेवा चालू होती म्हणून देवाला विटेवर थांबवलं. मग आम्ही रान सांभाळतो, म्हातारी सांभाळतो, आमची वारी घरातच झाली की.

होते. खरंच होते. माझी एक आतेबहीण तेरा वर्षं अंथरुणावरच्या सासूचं सगळं करत होती. ती कधी पंढरीला गेली नाही, आणि तिला कोणी ये म्हटलं असतं तर मी त्यालाच खाली बसवला असता. तिला हाक आली ती सासूच्या अंथरुणाजवळून, आणि तिनं ती ऐकली. सावतोबांना मळ्यातून हाक आली, त्यांनी ऐकली. दोघांनीही कुठल्या कामातून सुटायला मळ्याचं किंवा सासूचं नाव पुढं केलं नव्हतं. मळा हेच सावतोबांचं उत्तर होतं. माणूस "रान आहे" म्हणतो तेव्हा तो रानाकडं चालला आहे की हाकेपासून लांब चालला आहे, हे त्याचं त्याला ठाऊक असतं. बाहेरच्यानं ते ठरवू नये. मीही ठरवत नाही.

आणि हाक देवाचीच कशावरून, असं मला एका शहरातल्या पाहुण्यानं विचारलं होतं. मी त्याला म्हणालो, मला आकाशवाणी झालेली नाही. कोळपताना एक म्हातारा चालत आला आणि काम सांगून गेला. पण त्यात तीन गोष्टी होत्या. एक, त्यात मला मिळणार काही नव्हतं, करायचं होतं. दोन, मी न केल्यास कुणाचं तरी अडणार होतं. तीन, ते मनातून जात नव्हतं, रात्री दाऱ्यावर उभं राहिलं तरी बरोबर यायचं. एवढं मला पुरलं. पाहुणा वारकरी नाही, एका शाळेत शिकवतो. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, असलं एक काम माझ्याकडंही पडून आहे. कुठलं ते मी विचारलं नाही.

आपल्या सबबींकडं बघताना मला दरवर्षी चोखोबांची पायरी आठवते. पंढरपुरात महाद्वारात नामदेवांच्या पायरीजवळ त्यांची समाधी आहे. त्यांना रान, गुडघा, आवाज असली कसलीही सबब सांगायची नव्हती. ते आले होते. दार दुसऱ्यांनी बंद ठेवलं होतं, आणि ते त्यांच्या माणसांना पुढं कितीतरी शतकं बंद राहिलं. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा कुठं ते उघडलं. ज्यांना दार बंद होतं ती माणसं पायरीपर्यंत येत राहिली. आणि ज्यांना दार उघडं आहे असे आम्ही वाफशाचा हिशोब घालत घरी बसतो. हे आठवलं की यादीतली दोन-तीन कारणं आपोआप बारीक होतात.

२०२० साली उलटंच झालं. त्या वर्षी माझ्याकडं एकही कारण नव्हतं. आई २०१६ ला गेली होती, कर्ज फिटलं होतं, मृगाचा पाऊस वेळेवर झाला, पेरणी आधीच उरकली होती. आणि वाट बंद. करोनामुळं पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. पुढच्या वर्षीही तसंच. आमची चाळीस माणसं घरात. मी काय केलं, तर ज्या दिवशी पालखी जिथं असायला पाहिजे त्या दिवशी तिथले वाराचे अभंग गावच्या देवळात उभा राहून म्हटले. एकटाच. पाठीमागं लांब लांब तीन माणसं. चरण म्हटलं की परत येणारा आवाज नव्हता. तेव्हा माझं दोन हात पुढं जाणारं गाणं मला पहिल्यांदा पुरतं ऐकू आलं. चांगलं नव्हतंच. पण वीणा खाली राहिली नाही. बुवा तेव्हा हयात नव्हते. असते तर एवढंच विचारलं असतं, "खुंटी घट हाय न्हवं?"

२०२२ ला वाट उघडली. आता मी पासष्टीच्या जवळ आलो आहे आणि उभं राहणं मलाही जड जायला लागलं आहे. आमच्या दिंडीत एक तिशीतला पोरगा आहे. आवाज खणखणीत, मृदंगही येतो. पुण्याच्या बाजूला कंपनीत कामाला आहे. यंदाच्या माघीला त्याच्या खोलीवर गेलो आणि वीणा घे म्हणालो.

त्यानं भराभर सांगितलं. "आबा, वीस दिवस रजा कोण देणार? कंत्राटावर हाय मी. पोरगी लहान हाय. बायकोचा पुण्यातच दवाखाना चालूय. आन् तुमच्यापुढं माझं पाठांतर ते काय?"

एकही कारण खोटं नव्हतं. मी त्याला सावतोबा सांगितले नाहीत, चोखोबा सांगितले नाहीत. खिशातून कागद काढला, पेन दिला आणि म्हणालो, "हे सगळं लिहून काढ. येकाखाली येक. ज्याची सोय लागंल त्याच्यापुढं माणसाचं नाव लिही. पाठांतरापुढं माझं लिही, मी वही घिऊन यीन. आन् शेवटी जे लिवता यीना, त्या आकड्यापुढं मोकळं ठेव. ते घिऊन माझ्याकडं ये, आपुन बसून बोलू."

त्यानं कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि म्हणाला, "बघू, आबा."

"ह्यो शब्द सोडून काय पण म्हण," मी म्हणालो.

पोरगा हसला. मग त्यानं खिशातून कागद परत काढला आणि तिथंच गुडघ्यावर ठेवून एक आकडा घातला.